रंगनाथनांची उमेदवारी

भारतात ग्रंथालयशास्त्राचा विषय निघाला की डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांचे नाव आपोआप ओठांवर येते. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, आणि लहानमोठ्या अनेक ग्रंथालयांत त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. या आदरामुळे एक समजूत मात्र नकळत रूढ झाली आहे. रंगनाथन जन्मतःच ग्रंथपाल होते, ग्रंथसेवेचे व्रत घेऊनच ते या क्षेत्रात उतरले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अगदी निराळी होती. ग्रंथपालाच्या खुर्चीवर ते आले ते काहीसे अनिच्छेने, कोणतेही पूर्वशिक्षण नसताना. आणि काही आठवड्यांतच त्या खुर्चीवरून सुटका व्हावी म्हणून त्यांनी वरिष्ठांचे दार ठोठावले. अशा माणसाने पुढे या शास्त्राचा पाया घातला तो कसा, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या कीर्तीच्या काळापेक्षा उमेदवारीच्या काळाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

रंगनाथनांचा जन्म १८९२ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील तंजावर जिल्ह्यात, शियाली या गावी झाला. हा कावेरीच्या खोऱ्यातला भातशेतीचा सुपीक मुलूख. वडील रामामृत अय्यर हे जमीनजुमला असलेले गृहस्थ होते. मुलगा अवघा सहा वर्षांचा असताना, १८९८ साली, त्यांचे निधन झाले, आणि पुढचे संगोपन आई सीतालक्ष्मी व घरातील वडीलधाऱ्यांच्या छायेत झाले. शालेय शिक्षण गावातच पार पडले. प्रकृती तोळामासा आणि जोडीला बोलताना अडखळण्याची सवय; त्यामुळे हा मुलगा पुढे हजारो श्रोत्यांसमोर व्याख्याने देईल असे त्या वेळी कोणालाही वाटले नसेल. हा दोष त्यांनी चिकाटीने आटोक्यात आणला. स्वतःच्या उणिवेकडे एखाद्या गणिताकडे पाहावे तसे पाहायचे, ते सोडवता येते असे गृहीत धरायचे आणि सुटेपर्यंत मागे हटायचे नाही, हा त्यांचा स्वभाव तेव्हापासूनच दिसतो.

१९०९ साली मॅट्रिकची परीक्षा देऊन ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना एडवर्ड रॉस हे गणिताचे प्राध्यापक लाभले. रॉस आणि रंगनाथन यांचे नाते गुरुशिष्याच्या परंपरेला शोभेल असे होते आणि ते आयुष्यभर टिकले. १९१३ साली बी. ए. आणि १९१६ साली गणितात एम. ए. झाल्यावर त्यांनी सैदापेठ येथील अध्यापक महाविद्यालयात शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला. १९१७ साली मंगळूरच्या सरकारी महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली. पुढे कोईमतूर आणि त्यानंतर मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज अशी त्यांची बदली होत गेली. वर्गात तासभर बोलत राहण्यापेक्षा विद्यार्थ्यांना प्रश्नांच्या वाटेने उत्तरापर्यंत नेणे त्यांना अधिक आवडे. विद्यार्थ्याने स्वतः पुस्तकापर्यंत जावे, स्वतः शोधावे, असा त्यांचा आग्रह असे. गणिताच्या इतिहासावर त्यांनी काही निबंधही लिहिले. अध्यापन हेच आपले कार्यक्षेत्र, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अशा वेळी, १९२३ साली, मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे स्वतंत्र पद निर्माण केले. संग्रह होता, पण त्याची नीट व्यवस्था नव्हती. ग्रंथ राखणारे लोक होते. ग्रंथ आणि वाचक यांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते. या पदासाठी सुमारे ९०० अर्ज आले. ग्रंथालयाच्या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेला मनुष्य त्यांत एकही नव्हता. असे शिक्षण देशात अगदीच अपरिचित होते असे नव्हे. वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून १९११ साली प्रशिक्षणवर्ग सुरू करविला होता. लाहोरला पंजाब विद्यापीठाने १९१५ साली एसा डॉन डिकिन्सन यांच्याकरवी तसाच उपक्रम केला होता. पण हे प्रयत्न त्या त्या ठिकाणापुरते राहिले. उमेदवाराला संशोधनाची पार्श्वभूमी असावी, ही निवड समितीची अपेक्षा रंगनाथनांच्या गणितविषयक निबंधांनी पुरी केली. अर्ज त्यांनी मित्रांच्या सांगण्यावरून केला होता आणि मुलाखतीचे बोलावणे येईपर्यंत ते तो विसरूनही गेले होते. मुलाखतीपूर्वी ब्रिटानिका विश्वकोशातील ग्रंथालयावरील लेख वाचून काढला, एवढीच त्यांची पूर्वतयारी. तरीही निवड झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले.

पहिले काही आठवडे त्यांना असह्य झाले. वर्गातील उत्सुक चेहरे, प्रश्नोत्तरे, फळ्यावरची आकडेमोड यांची सवय असलेला हा शिक्षक एकाएकी निर्जन दालनात येऊन पडला. दिवस दिवस कोणी फिरकत नसे. भोवती हजारो पुस्तके आणि त्यांना हात लावणारा माणूस नाही. या एकांताला कंटाळून रंगनाथन आपली अध्यापकाची जागा परत मागण्यासाठी गेले. या प्रसंगी एक तोडगा निघाला. त्यांनी आधी विलायतेला जाऊन तेथील ग्रंथालये पाहावीत, तो अभ्यास पुरा करावा; परतल्यावरही मन रमले नाही तर गणिताची जागा त्यांना खुली राहील, असे ठरले. एका अर्थाने हा विद्यापीठाचा जुगारच होता. नाराज माणसाला हट्टाने जागेवर बसवून ठेवण्यापेक्षा, तो ज्या कामाला कंटाळला आहे ते काम उत्तम रीतीने चाललेले त्याला एकदा दाखवावे, एवढाच त्यामागचा विचार होता. भारतीय ग्रंथालयांचे पुढचे भवितव्य या एका तोडग्यावर अवलंबून होते, याची कल्पना त्या वेळी कोणालाच नव्हती.

१९२४ च्या उत्तरार्धात रंगनाथन लंडनला पोहोचले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात १९१९ साली ग्रंथपालनाचे विद्यालय स्थापन झाले होते. रंगनाथनांनी तेथे नाव घातले. परीक्षांत ते काही फार चमकले नाहीत. गुण सरासरीहून थोडे वर, इतकेच. परंतु तेथे त्यांना दुसरे गुरू भेटले. वर्गीकरण शिकविणारे बर्विक सेयर्स हे नुसते अध्यापक नव्हते. लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन या नगराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ते मुख्य ग्रंथपाल होते. जे वर्गात शिकवीत ते रोज प्रत्यक्ष करीत. आपल्या या भारतीय विद्यार्थ्याला त्यांनी क्रॉयडनच्या ग्रंथालयात प्रत्यक्ष कामाची संधी दिली.

खरी उमेदवारी येथे सुरू झाली. उमेदवारी हा शब्द आज निवडणुकीच्या संदर्भातच अधिक ऐकू येतो. पण मराठीत त्याचा जुना अर्थ जाणत्या कारागिराच्या हाताखाली राहून काम शिकणे असा आहे. विद्यापीठाचा ग्रंथपाल असलेला, गणिताचा एम. ए. झालेला हा गृहस्थ एका नगरवाचनालयात शिकाऊ म्हणून वावरला. पुस्तकांची देवघेव कशी चालते, नव्या ग्रंथाची नोंद कशी होते, तालिका कशी रचली जाते, मुलांच्या विभागात कोणत्या प्रकारे वातावरण राखले जाते, हे त्यांनी जवळून पाहिले. त्याखेरीज ब्रिटनमधील शंभराहून अधिक ग्रंथालयांना त्यांनी भेटी दिल्या. या भेटींत दोन गोष्टी त्यांच्या नजरेत भरल्या. एक म्हणजे ग्रंथालयात येणारी माणसे. विद्वान, कामगार, गृहिणी, मुले अशा सर्व थरांतील माणसे तेथे हक्काने येत आणि कपाटापर्यंत स्वतः जाऊन पुस्तक निवडीत. मद्रासमधील निर्जन दालन हा ग्रंथालयाचा स्वाभाविक गुण नसून व्यवस्थेचा दोष आहे, हे त्यांना येथे उमगले. दुसरी गोष्ट म्हणजे एकसूत्रतेचा अभाव. प्रत्येक ग्रंथालयात काम उत्तम चाले, परंतु एकीकडची रीत दुसरीकडे नसे, आणि अमुक गोष्ट अशीच का करायची या प्रश्नाला बहुतेकांपाशी रूढीपलीकडे उत्तर नसे. गणिताच्या माणसाला हे खटकले. जेथे नियम दिसतात तेथे त्यांच्या मुळाशी थोडी मूलतत्त्वे असलीच पाहिजेत, असे त्यांचे मन त्यांना सांगू लागले.

वर्गीकरणाच्या बाबतीत हे असमाधान विशेष तीव्र होते. मेलव्हिल ड्यूई यांची १८७६ साली प्रसिद्ध झालेली दशांश पद्धती तेव्हा सर्वत्र मान्यता पावली होती. या पद्धतीत ज्ञानाचे खण बव्हंशी आधीच आखलेले असतात आणि ग्रंथ त्यांपैकी एका खणात बसवावा लागतो. परंतु ग्रंथांचे विषय असे आज्ञाधारक नसतात. कोकणातील भातपिकावरील रोगांचे निवारण असा एखाद्या ग्रंथाचा विषय असला, तर त्यात पीक आहे, रोग आहे, उपाय आहे आणि प्रदेशही आहे. तयार खण एकालाच न्याय देतो, बाकीचे घटक मागे पडतात. या विचारात असताना लंडनमधील एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या, चाके आणि खिळे-चाक्या निरनिराळ्या प्रकारे जोडून कधी पूल, कधी गाडी, कधी यारी उभी करता येते, हे पाहून त्यांना उत्तर सापडले. विषयाचे तयार खण आखण्याऐवजी त्याचे मूळ घटक निश्चित करावेत आणि प्रत्येक ग्रंथापुरती त्यांची जुळणी करावी. घटक जोडण्यासाठी त्यांनी अपूर्णविरामाचे, म्हणजे कोलनचे, चिन्ह योजले आणि त्यावरूनच या पद्धतीला कोलन वर्गीकरण हे नाव मिळाले. १९२५ साली परतीच्या प्रवासात बोटीवरील छोट्या ग्रंथसंग्रहाची त्यांनी या नव्या रीतीने मांडणी करून पाहिली. गणिताची जागा परत मागण्याचा विषय पुढे कधी निघालाच नाही.

मद्रासला आल्यावर त्यांनी हाती घेतलेले काम बाहेरून साधे दिसणारे होते. बंद कपाटे वाचकांसाठी खुली केली. आलेल्या प्रत्येकाला काय हवे आहे ते विचारून त्याला ग्रंथापर्यंत पोहोचवणारी संदर्भसेवा सुरू केली. ग्रंथांची नव्याने मांडणी आणि नोंदणी आरंभली. ग्रंथालयाकडे लोकांनी वळावे म्हणून गावोगावी व्याख्याने दिली. ३० जानेवारी १९२८ रोजी मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली आणि तिची मोठी धुरा त्यांनी वाहिली. या सर्व धावपळीत मूलतत्त्वांचा शोध मात्र थांबला नव्हता. त्या वर्षी एका संध्याकाळी प्राध्यापक रॉस नेहमीप्रमाणे भेटीस आले. शिष्य विचारात गढलेला पाहून त्यांनी कारण विचारले, आणि बोलता बोलता पहिले सूत्र त्यांनीच सहज सुचवून टाकले, असे सांगितले जाते. ग्रंथ हा सांभाळून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे, हा त्या सूत्राचा आशय. ते एकदा हाती आल्यावर बाकीची चार सूत्रे ओघाने आली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळायला हवा. तसाच प्रत्येक ग्रंथालाही त्याचा वाचक लाभायला हवा. या भेटीत वाचकाचा आणि सेवकाचा वेळ फुकट जाता कामा नये. आणि ग्रंथालय ही सतत वाढत राहणारी सजीव संस्था आहे हे विसरता कामा नये.

ही सूत्रे ज्या वर्षी आकारास आली ते १९२८ हे वर्ष त्यांच्या खाजगी जीवनात अत्यंत दुःखाचे ठरले. त्यांच्या पत्नी रुक्मिणी यांचा मंदिराच्या पुष्करिणीत बुडून अपघाती मृत्यू झाला. तरीही वर्षअखेरीस रंगनाथनांनी चिदंबरम येथील शिक्षकांच्या मेळाव्यात ही पाच सूत्रे मांडली. पुढील वर्षी शारदा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३१ साली या सूत्रांवरील त्यांचा ग्रंथ मद्रास ग्रंथालय संघाने प्रसिद्ध केला आणि त्याला प्रास्ताविक लिहिले क्रॉयडनच्या सेयर्स यांनी. ज्यांच्या हाताखाली उमेदवारी केली त्या गुरूनेच शिष्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाचे स्वागत करावे, हा योग विरळा म्हणावा लागेल. १९३३ साली कोलन वर्गीकरण आणि १९३४ साली तालिकीकरणाची संहिता प्रसिद्ध झाली. पाच सूत्रांतून बाकीचे सारे नियम कसे निघतात, हे जणू भूमितीच्या रीतीने या ग्रंथांतून दाखविले गेले.

स्वतःला जे भाग्य परदेशी जाऊन लाभले ते येथील तरुणांना घराजवळ लाभावे, ही तळमळ त्यांना होती. १९२९ साली मद्रास ग्रंथालय संघाच्या वतीने त्यांनी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. १९३१ साली विद्यापीठाने तो आपल्याकडे घेतला आणि १९३७ पासून तेथे वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालू झाला. वर्ग आणि ग्रंथालय यांच्यात त्यांनी भिंत राहू दिली नाही. १९३१ साली मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय निघाले, तेव्हा त्याच्या शुभारंभाला ते आवर्जून गेले. साक्षरतेचे प्रमाण अल्प असलेल्या त्या खेड्यांत गाडीभोवती माणसे जमत आणि वाचता येणारा इतरांना वाचून दाखवी. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ या सूत्रातील प्रत्येक हा शब्द किती दूरवर जाणारा आहे, हे त्या गाडीने दाखवून दिले.

१९३६ साली विद्यापीठ ग्रंथालय समुद्रकिनाऱ्यालगतच्या नव्या वास्तूत आले. रंगनाथन वीस वर्षे, रोज सुमारे तेरा तास, एकही रजा न घेता काम करीत राहिले, असे त्यांच्याविषयी सांगतात. या कठोर शिस्तीची दुसरी बाजूही होती. सहकाऱ्यांकडूनही ते तितक्याच कष्टांची अपेक्षा करीत आणि सर्वांनाच ते मानवत नसे. त्यांची परिभाषा पुष्कळांना क्लिष्ट वाटली. कोलन पद्धतीचा स्वीकारही मर्यादित राहिला; भारतातीलच बहुसंख्य ग्रंथालये दशांश पद्धतीवर चालत राहिली. विषयाचे घटक पाडून जुळणी करण्याचे त्यांचे तत्त्व मात्र पद्धतीहून दीर्घायुषी ठरले. १९५२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन गटाने ते उचलले, आणि माहितीच्या संगणकीय शोधाच्या विचारातही त्याला स्थान मिळाले.

१९४५ साली त्यांनी मद्रासमधून स्वेच्छेने निवृत्ती घेतली. विश्रांती घ्यावी असा विचार असताना डॉ. राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तेथे सहाय्यकांची वाट न पाहता त्यांनी जवळजवळ १ लाख ग्रंथांचे वर्गीकरण दोन वर्षांत स्वतः केले. पन्नाशी उलटलेल्या, देशभर नाव झालेल्या माणसाने पुन्हा शिकाऊ उमेदवाराप्रमाणे एकेक ग्रंथ हाती घ्यावा, यातच त्यांच्या साऱ्या शिकवणुकीचे सार आहे. १९४७ पासून दिल्ली विद्यापीठात त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण उभे केले. १९४८ साली मद्रास इलाख्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्यामागे त्यांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते. मराठी मुलखात कोल्हापूर संस्थानाने असा कायदा १९४५ सालीच केला होता. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ साली झाला. १९५६ साली, झुरिच येथे वास्तव्य असताना, रंगनाथनांनी आयुष्याची पुंजी असलेले १ लाख रुपये मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले आणि त्याला पत्नी शारदा यांचे नाव ठेवले. १९५७ साली त्यांना पद्मश्री हा बहुमान मिळाला. १९६२ साली बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. १९६५ साली भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान दिला. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

ग्रंथालयाच्या नोकरीत नव्याने आलेल्या तरुणाला पहिल्या दिवशी बहुधा दाखलनोंदीची वही, पाठीवर अंक लिहायच्या पुस्तकांचा ढीग किंवा देवघेवीची खिडकी दिली जाते. काही दिवसांत त्याला कंटाळा येतो. याहून बरे काही मिळेल का, असे तो मनाशी म्हणू लागतो. रंगनाथनांनाही तसेच वाटले होते. फरक पडला तो दोन गोष्टींनी. कंटाळलेल्या माणसाला काम सोडण्याची मुभा ठेवूनही ते नीट पाहण्याची संधी देणारी संस्था त्यांना मिळाली, आणि शिष्याला प्रत्यक्ष कामात सामावून घेणारा गुरू त्यांना मिळाला. बाकीचे त्यांच्या जिज्ञासेने केले. शंभर वर्षे चाललेल्या कोणत्याही ग्रंथालयात ग्रंथसंपदेइतकीच मोलाची ठेव म्हणजे तेथे घडलेली माणसे. नव्या सेवकाने अमुक असे का, हा प्रश्न विचारला असता त्याला उत्तर देणारे कोणी जोवर ग्रंथालयात आहे, तोवर रंगनाथनांचे पाचवे सूत्र तेथे जिवंत आहे आणि ती संस्था वाढत राहणार आहे.